आत्याच्या माहेरचा दमा

माझ्या आजीला कधीच दमा नव्हता. मंजुळा कोळीण म्हणून कल्याणच्या खाडीवर तिला सगळे ओळखायचे. साठी उलटल्यावरही ती भरतीच्या पाण्यात होडी वल्हवायची आणि वल्हवता वल्हवता पलीकडच्या होडीतल्या माणसाशी भांडायची. असल्या बाईला मेल्यावर दमा चिकटवला तो तिच्याच लेकीने, माझ्या मालूआत्याने. तोही माझ्यादेखत, भर दवाखान्यात.

आत्याचं लग्न हा आमच्याकडे पुष्कळ चघळलेला विषय. आंबिवली स्टेशनबाहेर ती मासळीची पाटी घेऊन बसायची आणि उत्तममामा कारखान्यातून सुटला की रोज तिच्याकडून मांदेली घ्यायचा. तो साताऱ्याकडचा; मासा कसा खातात तेही त्याला ठाऊक नव्हतं. एकदा घशात काटा अडकल्याची तक्रार घेऊन आला आणि तक्रार करता करता लग्नाचं बोलून बसला. दोन्ही घरांनी आदळआपट केली, पण लग्न झालंच.

बरीच वर्षं मूल नव्हतं. मग एक्याऐंशी साली नंदा आली. मामाची आई जनाबाई गावाहून कायमची राहायला आली, तेव्हा पोरीला धाप लागायला सुरुवात झाली होती. तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज निघाला की जनाबाईंचा पट्टा सुरू व्हायचा. "आमच्यात कुणाला छातीचं दुखणं न्हाई. ह्ये कोळणीचं रगात हाय."

आत्याने कौलांवर बोंबील वाळवणं बंद केलं, पाटीही बंद केली. जनाबाईंचं तोंड काही बंद झालं नाही. मला त्या म्हातारीचा भयंकर राग यायचा. आणि आत्याचाही, कारण वाट्याभर मांदेलीसाठी गिऱ्हाइकाची सालटी काढणारी ही बाई इथे मुकाट ऐकून घ्यायची.

त्र्याण्णव साली नंदाला कल्याणच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. बरोबर जनाबाई होत्या आणि मी. "घरात आणखी कुणाला दमा?" डॉक्टरांनी विचारलं.

"आमच्यात न्हाई. सून कोळ्याची हाय, तिला इचारा," जनाबाई म्हणाल्या.

"आजी, असं एका जातीवर बोट ठेवता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "माणसं कुठून कुठून आलेली, एकमेकांत मिसळलेली. कुणाकडून काय उतरलं आणि हवेचा, धुळीचा वाटा किती, हे आम्हालाही अजून नीट उलगडलेलं नाही."

"माज्या आईला होता दमा," आत्या म्हणाली.

मी उडालेच. आत्याने माझा हात दाबला. मग नंदाला जनाबाईंबरोबर बाहेर बसवून ती एकटीच परत आत जाऊन आली.

औषधं घ्यायला आम्ही दोघी रस्त्यावर उतरलो तेव्हा मी तिला गाठलं. "आजीला दमा? खोटं का बोललीस?"

"जये, हलू बोल. नंदा माज्या पोटची नाय."

एक बाई बाळंतपणात गेली होती. तिच्यामागे कुणी नव्हतं. आजीनेच ते बाळ आणून आत्याच्या ओटीत घातलं होतं. मामाला ठाऊक होतं. गावी मात्र मुलगी झाली एवढंच कळवलं.

"डाक्टरला आता खरं सांगून आले," आत्या म्हणाली. "औषध तेच र्‍हायल बोलले."

"मग म्हातारीचं इतकी वर्षं का ऐकून घेतेस?"

"ती बोलते ना, कोलणीचं रगात? मला बरा वाटतं गो. ती एकच बाय हाय, जी रोज सांगते का पोर माजी हाय."

भर रस्त्यात मला रडू आलं. तरी मी म्हटलं, "नंदाला सांग. दुखणं तिचं आहे, जन्म तिचा आहे."

आत्या घाबरलीच. "कललं आनि बोलली तू माजी कोन, तं?"

तिची भीती मला कळत होती, पण मी माझं टुमणं सोडलं नाही. मला अजूनही वाटतं, असं लपवू नये. शेवटी नंदा बारावी झाली त्या उन्हाळ्यात आत्याने मन घट्ट करून तिला एकटीला सारं सांगितलं. नंदा ऐकून उठली आणि दाराबाहेर जाऊन बसली. मग आत्याला टाळायला लागली. "गेली पोर माज्या हातची," आत्या मला म्हणाली.

त्याच आठवड्यात मी आंबिवलीला गेले होते. शेजारच्या खोलीत रंगकाम चाललं होतं आणि त्या वासाने नंदाला धाप लागली. तिने पंप तोंडाला लावून औषध ओढलं. जनाबाईंनी सवयीने सुरुवात केली, "कोळणीचं रगात, दुसरं काय!"

भाकरी थापणारे आत्याचे हात थांबले. ती नंदाकडे बघेना.

नंदाने श्वास नीट बसू दिला. मग म्हणाली, "हो आजी. आईचंच रक्त आहे माझ्यात. दमा पण तिच्याकडूनच आलाय. मला चालतो."

आत्या तशीच उठली आणि पिठाच्या हातांनीच नंदाला कवटाळून हुंदके द्यायला लागली.

"आई, पीठ नको ना गं," नंदा तिच्या कुशीतूनच म्हणाली, "परत धाप लागेल."