मूर्तिजापूरमार्गे रोम

१९६४ साली मी माझ्या नणंदेला एकटीला जर्मनीला पाठवलं. ‘मी’ असं मुद्दाम लिहिते, कारण घरात दुसऱ्या कोणाचीच तयारी नव्हती. तिचा नवरा हॅम्बुर्गच्या कारखान्यात यंत्राचं काम शिकायला गेला, त्याला तिथेच कायमची नोकरी लागली आणि लग्नानंतर चार महिन्यांत दुरावलेल्या बायकोला तीन वर्षांनी त्याने बोलावून घेतलं. तिकीट आलं, पासपोर्ट झाला. अडचण एकच होती. मुंबईचं विमान तिला रोमपर्यंतच नेणार होतं. तिथे उतरून हॅम्बुर्गचं दुसरं विमान धरायचं होतं, आणि ती सातवी पास, इंग्रजीत सही करण्यापुरती.

“कोणी सोबतीला भेटन तवाच पाठवू,” सासूबाई म्हणाल्या. “दारव्ह्यातून कोण चाललं जर्मनीले?” मी विचारलं. “म्हणूनच म्हणतो मी, जाऊ देऊ नोको तिले.”

शेवटी मी म्हटलं, जबाबदारी माझी. आमच्या यवतमाळकडच्या दारव्ह्यात, मुलींच्या शाळेत तेव्हा मला पंधरा वर्षं झाली होती. सहली, परीक्षा, गॅदरिंग, सगळं मी यादी करून पार पाडलं होतं. रोम म्हणजे एक मोठी सहल, असा माझा हिशेब.

पाठकोऱ्या कागदावर नाही, चांगल्या फुलस्केपवर मी यादी केली. एकूण अकरा ओळी. पासपोर्ट कुठे ठेवायचा, पाणी कोणाला मागायचं, चक्कर आली तर काय. मुख्याध्यापकांकडून इंग्रजीत तीन चिठ्ठ्या लिहून घेतल्या. एकीवर ‘मला हॅम्बुर्गला जायचे आहे’, दुसरीवर ‘मला हे समजत नाही’ आणि तिसरीवर नवऱ्याचा पत्ता. चिठ्ठ्यांच्या कोपऱ्यांत खूण म्हणून मी अनुक्रमे विमान, प्रश्नचिन्ह आणि घर काढलं.

सामान वीस किलोच्या आत हवं होतं. जिनिंगमध्ये कापसाच्या काट्यावर ट्रंक, वळकटी आणि ज्वारीच्या पिठाचा डबा चढवला. वजन चोवीस भरलं. लोखंडी तवा निघाला, दोन लुगडी निघाली, पीठ अर्धं झालं. तिखटाची पिशवी मात्र तिने काढू दिली नाही. काट्यावरचा माणूस म्हणाला, “बाई, जर्मनीत काय भाकरीचं हाटेल टाकून राह्यल्या का?” “टाकीन,” ती म्हणाली, “तुले उधारीत जेवू घालीन.” ती अशी होती. घाबरायची, पण तोंड बंद व्हायचं नाही.

मग सराव. विमानतळ आमच्याकडे कुठला? पण गाडी बदलायचं ठिकाण होतं. दारव्ह्याहून छोटी गाडी मूर्तिजापूरला जाते, तिथे उतरून मोठ्या लाईनची गाडी धरायची. मी ठरवलं, मूर्तिजापूर म्हणजे रोम. दोन रविवार मी तिला घेऊन गेले. छोट्या गाडीतून उतरलं की मी गप्प. तिने स्वतः फलक शोधायचा, चिठ्ठी दाखवायची, फलाट गाठायचा, सामान मोजायचं.

“वयनी, हे जर रोम असन,” फलाटावर बसून ती म्हणाली, “तं रोमची भजी चांगली असते.”

“भजी नंतर. नग किती?”

“चार.”

“निघाली तवा किती व्हते?”

तिने इकडेतिकडे पाहिलं. पितळी डबा छोट्या गाडीतच राहिला होता. तो परत आणेपर्यंत माझा जीव वर आला. त्याच संध्याकाळी मी यादीतली चौथी ओळ खोडून नव्याने लिहिली आणि तिच्याखाली दोनदा रेघ मारली: ‘रोमला आपले नग मोजून ताब्यात घेतल्याशिवाय जागेवरून हलायचे नाही.’

ही शिस्त मूर्तिजापूरच्याही आधीची. छप्पन साली दीक्षेसाठी आम्ही नागपूरला गेलो तेव्हा घरची नि शेजारची मिळून चौदा माणसं आणि नऊ गाठोडी होती. एवढी माणसं एके ठिकाणी आमच्यापैकी कोणी कधी पाहिली नव्हती. पांढऱ्या कपड्यांची नुसती जत्रा. मी तेव्हाही मोजत होते. नणंद चौदा वर्षांची होती. तिला गाठोड्यांपाशी बसवलं आणि सांगितलं, मी येईपर्यंत उठायचं नाही. गर्दीत आमची चुकामूक झाली. मी सकाळी गेलेली, पोहोचले दिवस कलल्यावर. ती तिथेच होती, नवाच्या नऊ गाठोड्यांवर हात ठेवून. माणसंही चौदा भरली, एकही हरवलं नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात मोजणं हा नियम झाला.

मुंबईला सांताक्रूझ विमानतळापर्यंत मी तिच्यासोबत गेले. काउंटरवर ट्रंक, वळकटी आणि डबा घेतला आणि तिच्या हाती तीन कागदी बिल्ले दिले. बिल्ल्यांवर हॅम्बुर्गची अक्षरं होती. मी ती वाचली. पार्सलवर शेवटचा पत्ता असतो तसा असेल, असं समजून पुढे गेले. काउंटरवरच्या माणसाला एक प्रश्न विचारायला हवा होता, तो मी विचारला नाही, कारण मला उत्तर माहीत आहे असं मला वाटत होतं. जाताना तिचा हात धरून मी पुन्हा बजावलं, “चौथी ओळ?”

“नग घेतल्याबिगर हलाचं नाही,” ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं, तरी हसली. “हात सोड व माहा आता. चालली तं मी.”

विमान सोमवारी सकाळी गेलं. पोहोचल्याची तार करायची असं ठरलं होतं. मी बुधवारी सकाळी दारव्ह्याला उतरले तेव्हा तार घरी येऊन पडली असेल याच समजुतीत होते. सासूबाई ओट्यावर उभ्या होत्या. त्यांच्याकडे बघूनच कळलं, तार आलेली नाही.

तार दुपारी आली, जावयाची. इंग्रजी तार वाचायला मला एरवी एक क्षण लागतो. त्या दिवशी मी ती तीनदा वाचली. ‘सामान मिळाले. बायको नाही. कळवा.’

ट्रंक, वळकटी, पिठाचा डबा आपले आपण हॅम्बुर्गला पोहोचले होते. त्यांना रोमला कोणी उतरवून घ्यायचं नव्हतंच. विमानातलं सामान एका विमानातून दुसऱ्यात परस्पर जातं. मूर्तिजापूरला तसं होत नाही. मूर्तिजापूरला तुम्ही उचललं नाही तर ते छोट्या गाडीतच राहतं. बिल्ल्यावरची अक्षरं मला हेच सांगत होती.

मी सासूबाईंसमोर बसले आणि सरळ सांगितलं. “चूक माझी आहे आई. मी तिला सामान घेतल्याशिवाय हलू नको म्हटलं. सामान तिथे येणारच नव्हतं. तिचं विमान चुकलं असणार.”

ओरडतील असं वाटलं. त्यांनी तारेचा कागद माझ्या हातून घेतला. वाचता येत नव्हतं, तरी उलटसुलट करून पाहिला.

“तू बस म्हणली ना तिले?”

“हो.”

“मंग थे बसली असन,” त्या म्हणाल्या. “नागपूरले नाही बसली का दिवसभर? माही पोरगी लय बोलते, पन सांगतलं थे करते. जा, त्याले तार कर, बायको रोमात बसून हाय म्हना.”

मी तशीच पोस्टात गेले आणि तार केली: ‘रोम विमानतळावर सामानाची वाट पाहत बसली असेल. तिथे चौकशी करा.’ तारबाबूने मजकूर वाचून माझ्याकडे पाहिलं, मग शब्द मोजले. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. सासूबाई जेवल्या, आणि मला म्हणाल्या, “तुया यादीत जेवाची ओळ नाही काय?”

गुरुवारी सकाळी दुसरी तार. ‘मंगळवारी पोहोचली. तिन्ही नग बरोबर.’ शेवटचे तीन शब्द तिनेच घालायला लावले असणार. जावई असले शब्द तारेत घालणारा नाही.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. ती बोलते तशीच लिहिते. ‘वयनी, मी लय मोठ्या हालमंदी बसली व्हती. दर थोड्या वेळानं भोंगा बोले, एक झुंड उठून जाये अन् दुसरी येऊन बसे. तिथलं कोनीच नाही. सगळेच गाडी बदलून राह्यले. मूर्तिजापूरच व्हय, फकत चायवाला बोंबलत नाही. एक निळ्या टोपीची बाई मले बोलवाले आली. मी बिल्ले दाखवले, तीन बोटं दाखवली. तिनं खिडकीतून विमान दाखवलं. मी म्हटलं, नग आना मंग जातो. प्रश्नचिन्हाची चिठ्ठी दिली. तिनं कपाळाले हात लावला. विमान गेलं अन् मी बसलीच.’

त्या निळ्या टोपीच्या बाईनेच मग तिला पोटभर खाऊ घातलं, जवळच्या हॉटेलात नेऊन झोपवलं आणि दुसऱ्या दिवशी हाताला धरून हॅम्बुर्गच्या विमानात बसवलं. हॅम्बुर्गला उतरल्यावर नवरा समोर उभा होता, आदल्या दिवशी आलेली ट्रंक, वळकटी नि डबा शेजारी मांडून. त्याने ते घरी नेलेच नव्हते, विमानतळावरच ठेवून घेतले होते. ‘मी आंधी नग मोजले,’ तिने लिहिलं, ‘मंग त्याईच्याकडे पाह्यलं. थे म्हनत, तीन वर्सांनी आली अन् पयले पिठाचा डबा पाह्यते. मी म्हटलं, वयनीची शिस्त हाय.’

पाकिटात माझी यादीही होती, चार घड्या पडलेली. बसल्या बसल्या तिने पाठीमागे पेन्सिलीने मोजदाद केली होती. उतरलेली विमानं एकतीस. उडालेली सव्वीस, मग ती जेवायला उठली. डोक्याला फेटा बांधलेली माणसं अकरा. पायघोळ झगेवाले एकोणीस. तान्ही लेकरं सहा, त्यातलं एक सारखं रडणारं. लुगडं नेसलेल्या बाया: मी धरून एक.

मी तो कागद सासूबाईंना वाचून दाखवला. शेवटच्या ओळीला त्या म्हणाल्या, “पुन्ना वाच.” मी पुन्हा वाचली.

नंतर मी यादी नव्याने लिहिली. चौथ्या ओळीत आता ‘सामान मागू नये, ते पुढे जाते, बिल्ल्यावर शेवटचे गाव आहे याची मुंबईलाच खात्री करावी’ असं आहे. बारावी ओळ नवी घातली: ‘न समजल्यास जागेवर बसावे, भटकू नये.’ ही ओळ माझी नाही, सासूबाईंची आहे.

पुढच्या तीन-चार वर्षांत यवतमाळ, घाटंजीकडून दोन मुली परदेशी निघाल्या. त्यांच्या घरच्यांना कोणीतरी आमचं घर सांगितलं. त्यातली एक आई ओट्यावर बसून डोळे पुसत होती, लेकीला एकटं कसं धाडायचं म्हणून. मी कागद शोधायला आत गेले. बाहेरून सासूबाईंचा आवाज आला.

“रडता काहून बाई? माही पोरगी रोमात मुक्काम करून गेली, काय झालं तिले? आमच्या सूनबाईपाशी यादी हाय. पक्की यादी हाय.” मग जरा थांबून, मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, “फकत चवथी ओळ दोनदा इचारून घेजा.”