झरीच्या रेस्ट हाऊसवरचे फॉरेनर

नोकरी संपली की फायली ऑफिसात राहतात, किल्ल्या दुसऱ्याच्या हातात जातात, पण किस्से काही कोणी चार्जमध्ये मागून घेत नाही. ते आपल्यासोबत घरी येतात. माझ्याकडे असे पुष्कळ साचले आहेत. वरोऱ्याला आमच्या ओट्यावर चार माणसं जमली की कोणीतरी म्हणतंच, "बाबू, ते फॉरेनरवालं सांगा ना जी."

तेव्हा चंद्रपूरला चांदा म्हणायचे. स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. माझी पहिली नेमणूक झाली झरीला. तळ्याच्या काठावर जंगल खात्याचं कौलारू रेस्ट हाऊस, मागे सागाचं रान, पुढे भाताची बांधी. ऑफिस म्हणजे आम्ही तिघं. रेंजर तुमडेसाहेब, खानसामा दौलतभाऊ आणि मी, क्लार्क. दौलतभाऊ ब्रह्मपुरीचे. आपल्या गावच्या तांदळाशिवाय दुसरा तांदूळ ते चुलीवर चढवत नसत.

एक दिवस नागपूरहून पत्र आलं. देशाला परकीय चलन हवं आहे, तेव्हा परदेशी पाहुणे किती आले, किती राहिले, त्यांनी काय खर्च केला, मागच्या महिन्यापेक्षा वाढ की घट, याचा दर महिन्याला रिपोर्ट पाठवा. खाली आणखी एक ओळ होती. वाढ दिसली तर झरीपर्यंत पक्का रस्ता होईल. नाही दिसली तर रेस्ट हाऊस बंद.

रस्ता म्हणजे गावाचा जीव होता. आजारी माणसाला बैलबंडीत टाकून मूल गावच्या दवाखान्यापर्यंत न्यावं लागे, आणि सगळेच पोचत नसत.

साहेबांनी पत्र टेबलावर ठेवलं. "देशकर, तुम्ही परदेशी माणूस शेवटचा कधी पाहिला?"

"चांद्याच्या स्टेशनवर, सर. गाडीच्या खिडकीत."

"मग?"

"गाडी थांबली नाही, सर."

* * *

पहिला महिना शून्यावर जाणार हे दिसत होतं. मी रिपोर्ट लिहायला बसलो, तेवढ्यात दौलतभाऊ एका माणसाला हाताला धरून घेऊन आले. तो लाकडाच्या डेपोवरचा पहारेकरी, बहादूर.

"बाबू, याचं नाव लिवा."

"कशात?"

"फॉरेनरमधी. नेपाळचा हाय हा. नेपाळ आपल्यात हाय का?"

"नाही."

"मंग झालं. याले चा पाजला. त्याचे पैशे बी यानं देल्ले. खर्च बी लिवा."

साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, "खोटं काय आहे त्यात? लिहा."

आयुष्यातला पहिला फॉरेनर मी असा लिहिला. येण्याचं कारण विचारलं, तर बहादूरनं सरळ सांगितलं ते लिहिलं. आठ-दहा दिवसांत नागपूरहून उत्तर आलं. पाहुण्याच्या राष्ट्रीयत्वाबद्दल कार्यालयाची हरकत नाही, मात्र 'तंबाखूला चुना मागण्यासाठी' हे कारण पर्यटनात बसत नाही.

* * *

खरे फॉरेनर आले ते थंडीत. म्हातारे जर्मन नवरा-बायको. त्यांना स्टेशनवरून आणायला जीप गेली आणि अर्ध्या वाटेत नाल्यात बंद पडली. दिवसभर आम्ही कपाळावर हात ठेवून रस्त्याकडे पाहतो आहोत. आपले पहिले पाहुणे, आणि ते नाल्यात.

दुपार कलताना घुंगरं वाजली. गावातल्या मारोतीभाऊची बंडी. वर भाताच्या तणसावर बाई मांडी घालून बसलेली, हॅट मागे पडलेली, आणि हातात बैलांचा कासरा. मारोतीभाऊ खाली उतरून बाजूनं चालत होता.

मी धावत गेलो. इंग्रजीत माफी मागायला लागलो. बाईनं हात वर करून मला थांबवलं आणि विचारलं, "उद्यापण ही मिळेल का?"

दुसऱ्या दिवशी जीप दुरुस्त होऊन आली. बाई तिच्याकडे ढुंकूनही बघेना. नवरा जीपमध्ये, बायको बंडीत, अशी त्यांची वरात रोज रानात निघायची. परत आल्यावर नवरा म्हणायचा, काही दिसलं नाही. बायकोनं मात्र सांबर, भेकर, रानगवे सगळं पाहिलेलं असायचं. तिसऱ्या दिवशी नवरासुद्धा मुकाट्यानं तणसावर येऊन बसला.

ते गेले आणि पुढच्या सकाळी मी दार उघडलं, तर रेस्ट हाऊससमोर गावातल्या झाडून सगळ्या बंड्या उभ्या. बैलांची शिंगं रंगवलेली.

"आता काय आहे?" मी विचारलं.

मारोतीभाऊ म्हणाला, "काई नाई जी. जर्मनी आली का सांगजा."

* * *

तुमडेसाहेबांनी ऑफिसच्या भिंतीवर एक मोठा कागद लावला आणि त्यावर लाल पेन्सिलीनं महिन्यामहिन्याच्या आकड्यांची रेघ काढायला सुरुवात केली. नागपूरला कोणी पाहत असेल-नसेल, पण गाव ती रेघ पाहायला यायचं. बाजाराला जाणारी माणसं वाट वाकडी करून यायची आणि दौलतभाऊंना विचारायची, "चढली का?" चढली म्हटलं की खुशीत निघून जायची. वाचता येत नव्हतं त्यांनासुद्धा चढ कळत होता.

मग मिलर नावाचा अमेरिकन साहेब वाघाच्या शिकारीला आला. तेव्हा परवाना काढून शिकार करता यायची. वाघ मचाणाकडे हुसकायच्या हाक्यासाठी अर्ध्या गावाला काम मिळालं. मचाणावर आम्ही तिघं. मिलरसाहेब, वाट काढणारा कोटू मडावी आणि दुभाषा म्हणून मी. झाडावर चढण्याची माझी ती पहिली आणि शेवटची वेळ.

हाका सुरू व्हायच्या आधीच झुडपं हलली आणि वाघ स्वतःच चालत आला. आमच्या झाडाखाली सावली होती. त्यानं तीत अंग टाकलं आणि झोपला.

मी श्वास धरून बसलो. साहेबाची बंदूक मांडीवर होती. आता मारेल, मग मारेल. उन्हाची तिरीप सरकत गेली. पलीकडे हाकेवाले इशाऱ्याची वाट पाहत कंटाळले असतील. साहेब नुसता खाली बघत होता. वाघाच्या पोटावरचं पांढरं वरखाली होत होतं, तेवढीच काय ती हालचाल.

शेवटी वाघ उठला, अंग ताणलं, मान वर करून आमच्याकडे एकदा पाहिलं आणि निघून गेला.

कोटूला राहवेना. "साहेबाले इचारा, गोळी काऊन नाई मारली?"

मी विचारलं. साहेब म्हणाला, "तो झोपायला आला होता. घरी जाऊन काय सांगू?"

कोटू म्हणाला, "मंग उठला तवा?"

साहेब म्हणाला, "तेव्हा मी त्याच्याकडं बघत होतो."

हाका झालाच नाही, तरी त्यानं हाकेवाल्यांना पुरे पैसे दिले, आणि नुसता वाघ पाहायला आणखी आठवडाभर राहिला. महिनाअखेर तुमडेसाहेबांनी भिंतीवर पेन्सिल टेकवली, तर रेघ पार वरच्या कडेला गेली. दौलतभाऊ पाहत उभे होते. म्हणाले, "वाघ झोपला अन् रेघ उठली."

* * *

एल्सबाई हॉलंडची. झाडांचा अभ्यास करायची. मोहफुलं पडायला लागली तेव्हा आली आणि एका रात्रीनंतर आमची खोली सोडून जनीबाई आत्रामच्या घरी राहायला गेली. जनीबाई एकटी होती. दोघींना एकमेकींचं बोलणं येत नव्हतं, पण उजाडायच्या आत टोपल्या घेऊन दोघी मोहाखाली असायच्या. महिन्याभरात एल्सबाई गोंडीत हसायला लागली. हो, हसणंसुद्धा वेगळं असतं, ते मला तेव्हा कळलं.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं, पाहुणी एक, मुक्काम महिनाभर, खर्च काही नाही. लगेच नागपूरहून विचारणा आली. महिनाभर राहून खर्च नाही, हे कसं? खुलासा करावा.

खुलासा मागायला मी आणि साहेब जनीबाईच्या अंगणात गेलो. ती मोहफुलं वाळवत होती.

"बाई, त्या मडमेनं तुम्हाला काय दिलं?" साहेबांनी विचारलं.

"काय देते? माह्या घरी राह्यली, माह्यासंगं जेवली. पैशे कायचे?"

"काहीच नाही?"

जनीबाई हात झटकून उभी राहिली. तिला साहेबांचा राग आला होता. "तिनं महिनाभर मोहा येचला माह्यासंगं. मजुरी मी तिले देल्ली. टोपलीभर चारोळी बांधून देल्ली जातानी. तिच्याकडून घेऊ कायले?"

ऑफिसात येऊन साहेबांनी स्वतः खुलासा लिहिला. 'सदर पाहुणीस खर्च झाला नाही. मजुरी मिळाली.' त्यावर नागपूरनं पुन्हा काही विचारलं नाही.

* * *

एप्रिलपासून रेघ खाली यायला लागली. मे महिन्यात तर कोणीच नाही. गाव घाबरलं. नागपूरचं पत्र आलं, घट होण्याचं कारण कळवावं. साहेबांनी कळवलं, 'ऊन.' पत्र परत आलं, कारण सविस्तर द्यावं. साहेबांनी लिहिलं, 'फार ऊन.'

मग चौकशीला नागपूरचे एक मोठे अधिकारी स्वतः आले. ऐन मे महिना, भर दुपार, अंगात बंद गळ्याचा कोट. जीपमधून उतरून चार पावलं चालले आणि व्हरांड्यातल्या खांबाला धरून उभे राहिले. दौलतभाऊंनी पन्हं दिलं. त्यांनी पेला प्यायला, दुसरा मागितला, तिसऱ्यातलं थोडं डोक्यावर थापलं. आम्ही फाईल घेऊन तयार. दारांना वाळ्याचे पडदे भिजवून लावलेले, त्याआड नागपूरचे साहेब फरशीवर पाठ टेकून पडले होते.

"सर, कारणांची चर्चा..." तुमडेसाहेब म्हणाले.

"नको," आतून आवाज आला. "पटलं."

पण खरी गंमत परतताना झाली. त्याच नाल्याच्या वाळूत त्यांची जीप बसली. ओढायला मारोतीभाऊचे बैल गेले, तरी निघेना. शेवटी साहेब बंडीत बसून मूलला गेले. त्यांना जर्मनबाईंसारखी मजा आली नाही, एवढं मारोतीभाऊनं सांगितलं.

पुढच्याच महिन्यात रस्त्याची मंजुरी आली. गावात हलगी वाजली. ती मंजुरी आमच्या रेघेमुळे आली की त्या नाल्यामुळे, यावर दौलतभाऊ आणि तुमडेसाहेबांचा वाद शेवटपर्यंत मिटला नाही.

* * *

आता पीटरसाहेबांचं सांगतो आणि उठतो.

हे डेन्मार्कचे. उंच, हाडकुळे, पन्नाशीचे. तळ्यावर थंडीत बाहेरची पाखरं उतरतात, ती पाहायला आले. रोज मारोतीभाऊच्या बंडीत तळ्याच्या दुसऱ्या टोकाला जायचे, दुपारी त्याच्याच घरी जेवायचे. मराठी शिकले ती सगळी मारोतीभाऊकडून. त्यामुळे नागपूरचा एखादा साहेब आला आणि त्यानं इंग्रजीत हालहवाल विचारली, की हे म्हणायचे, "बरा हाय जी. पाखरं पाहून राह्यलो."

त्यांचा मुक्काम लांबत लांबत फाल्गुनापर्यंत गेला. मारोतीभाऊच्या मुलीचं, सुमनचं, लग्न निघालं. पीटरसाहेब मांडवात मागे खुर्चीवर बसले होते. वऱ्हाड आलं, भटजी आले, मुहूर्त जवळ आला, आणि सुमनचा मामा आलाच नाही. तो जिवतीच्या डोंगराकडून यायचा होता, मोटर कुठे बंद पडली कोणाला ठाऊक. मामानं नवरीला मांडवात आणायचं, मंगलाष्टकांना तिच्या पाठीशी उभं राहायचं. नवरदेवाकडची माणसं कुजबुजायला लागली. सुमन आत रडत होती.

सुमनची आई, वच्छलाबाई, बाहेर आली. सगळ्यांसमोर सरळ पीटरसाहेबांच्या पुढे जाऊन उभी राहिली.

"भाऊ, माह्या भावाची मोटर नाई आली. तुमी उभे राह्यता का?"

मला वाटलं, यांना कळलंच नसेल, म्हणून मी सांगायला पुढे झालो. पण पीटरसाहेब उठले. हॅट माझ्या हातात दिली. कोणीतरी त्यांना फेटा बांधला, तो कपाळावर जेमतेम बसला. आत गेले, सुमनला हाताला धरून बाहेर आणलं आणि तिच्या पाठीशी उभे राहिले. अक्षता पडत होत्या आणि ते एवढे उंच, की सगळ्यांत जास्त अक्षता त्यांच्याच फेट्यात अडकल्या. डोळे पुसायचे तर दोन्ही हात सुमनच्या खांद्यावर. डोळे तसेच वाहू दिले त्यांनी.

मामा संध्याकाळी आला. मांडवातली हकीगत ऐकून त्यानं पीटरसाहेबांना कडकडून मिठी मारली, आणि पंगतीत दोघं शेजारी बसले.

पुढे ते आपल्या देशी गेले. वर्ष उलटून गेलं. त्या थंडीत पाहुणेच येईनात. महिना संपत आला होता, आकडा शून्यावर, आणि मी व्हरांड्यात हात चोळत बसलेलो. इतक्यात नव्या रस्त्यावरून उंच माणूस येताना दिसला. पाठीवर पिशवी, काखेत कापडात अर्धवट गुंडाळलेलं लाकडी खेळणं. पीटरसाहेब. मी उठून उभाच राहिलो. दौलतभाऊंना हाक मारली, चहा ठेवा म्हटलं, पेन काढलं.

पीटरसाहेबांनी मला नमस्कार केला आणि रेस्ट हाऊसवरून पुढे निघाले.

मी मागे धावलो. "साहेब, साहेब! खोली तयार आहे. नाव तेवढं लिहून घेतो. येण्याचं कारण काय लिहू?"

ते थांबले. "नाव कायले लिवता बाबू? भाचीले पोरगी झाली, तिले पाहाले आलो."

तेवढ्यात समोरून मारोतीभाऊची बंडी आली. त्यानं बैल थांबवले, पिशवी उचलून तणसावर ठेवली, आणि माझ्या हातातलं पेन पाहून म्हणाला,

"बाबू, घरच्या माणसाले काऊन मोजून राह्यले जी?"