भुताचं कार्ड

माळ्यावरचा जुना पुठ्ठ्याचा डबा उघडला आणि त्या कुबट वासाने वडीगोद्रीची ती दुपार आठवली. त्या डब्यातला टीव्हीवरच्या भुताच्या कार्टूनचा कार्डांचा खेळ मामाने जुन्या बाजारातून आणला होता. ज्याला भुताचं कार्ड येईल, त्याने डोळे मिटून मेल्यासारखं पडायचं. लाईट गेली होती, बाहेर हायवेवर ट्रक घरघरत होते. कार्ड आईला आलं. ती फरशीवर आडवी झाली, आम्ही भावंडं हसलो. पुन्हा तिचा डाव आला तरी ती उठेना. मी हात धरला, तर तो गार आणि घामाने ओला. धाकटा हळूच म्हणाला, "ताई, मेली का खरंच?" धावत जाऊन मी शेजारच्या मावशींना, आमच्या खालांना, आणलं. "उपास हाय ना आज? अन् शुगरची गोळी घेतली?" मी होकारार्थी मान डोलावली. "मंग शुगर उतरली तिची. शक्कर आण जल्दी." मी आणलेली साखर त्यांनी आईच्या गालाच्या आतून चोळली. किती वेळाने कोण जाणे, आईने डोळे उघडले. धाकट्याने आधी तिला जोरात चापट मारली, मग तिच्याच कुशीत शिरून तो रडला. अजूनही घरात कुणी दुपारी गाढ झोपलं, की मी दारात थांबून त्याचा श्वास बघते.