नांग फेलीचं कुलूप

फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या एका छोट्या साप्ताहिकाचे संगणक फेलिसा गुम्बान सांभाळायची. सगळे तिला नांग फेली, म्हणजे फेलीताई, म्हणत. ही बाई सहजासहजी कुणावर विश्वास ठेवणारी नव्हती. पासवर्ड कागदावर लिहिणाऱ्याला ती सगळ्यांदेखत फैलावर घ्यायची.

गावोगावच्या जत्रांत ती कार्डं वाटायची. त्यावर काळ्या ठिपक्यांचा चौकोन असे. "हे माझं कुलूप," ती बायाबापड्यांना सांगे. "घ्या, हवं त्याला द्या. फोनला दाखवा, निरोप लिहा, कुलूप बसलं. मग तुम्हालासुद्धा उघडायचं नाही. किल्ली एकच, ती माझ्यापाशी." कार्डामागे ती स्वतःच्या हातानं लिही: न घाबरता लिहा. हे माझ्याशिवाय कुणी वाचू शकणार नाही.

दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका पेपराचा संगणक जप्त झाला. त्यात जुन्या किल्ल्या तशाच पडून होत्या. त्या वापरून जुनी पत्रं उघडली गेली, लिहिणाऱ्यांची नावं फुटली. तेव्हापासून फेली ताकही फुंकून प्यायला लागली. दर जानेवारीला नवं कुलूप, नवी किल्ली, आणि जुन्या किल्लीच्या पेनड्राइव्हचा लसणाच्या खलबत्त्यात चुरा.

"नांग, थोडे महिने जुनी राहू द्या की," संपादक रोमुलो यंदा म्हणाला होता. "कार्डं अजून लोकांच्या खिशात असतील."

"जुनी किल्ली ठेवणं म्हणजे चोराला जेवायला बोलावणं. वेबसाइटवर नवं कुलूप लावलंय मी."

नियमाला धरूनच बोलली ती. पण भातशेतीतला माणूस खिशातलं कार्ड सोडून वेबसाइट कशाला बघेल, हे या शहाण्या बाईला सुचलं नाही.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी निरोप आला. उघडेना. फेलीनं कुलपाचा क्रमांक पाहिला. गेल्या वर्षीचं कुलूप. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं, नुसता ईमेलचा पत्ता होता. कुलपाशिवाय उघडं पत्र लिहायचं नाही हा स्वतःचाच नियम मोडून तिनं कळवलं, "कार्ड जुनं झालंय. वेबसाइटवरचं नवं कुलूप लावून पुन्हा पाठवा." उत्तर आलं नाही.

शुक्रवारी वाळूच्या खाणीवरचा वजनकाट्याचा कारकून दिओनेल नदीत मेलेला सापडला.

पुढच्या आठवड्यात त्याची बायको मेर्लिंडा कचेरीत आली. फेलीनं तिच्यापुढे बाचॉय सूपचा वाडगा ठेवला. तिनं चमचाही उचलला नाही.

"पोलीस म्हणतात, पाय घसरला. हा तर म्हणाला होता, माझं काही बरंवाईट झालं तर घाबरू नकोस, खाणीतलं सगळं पेपराला कळवलंय. नावांसकट."

फेलीनं संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. अक्षरं आणि आकडे, ओळींमागून ओळी, कशाचा कशाला मेळ नाही.

"हेच ते, इंदाय, पोरी. पण मला उघडता येत नाही. याची किल्ली मी मोडून टाकली."

"मग दुसरी करून घ्या. बाजारात किल्लीवाले बसतात."

"याची होत नाही. अख्खं शहर जन्मभर बसलं तरी होत नाही."

हे वाक्य फेलीनं आजवर शेकडो वेळा अभिमानानं म्हटलं होतं. आज तिला त्याची शरम वाटली.

मेर्लिंडानं पिशवीतून पाण्यानं फुगलेलं एक कार्ड काढलं. "त्याच्या पाकिटात होतं," ती म्हणाली. उलटं करून तिनं मागची ओळ बोट फिरवत वाचली.

"हे अक्षर तुमचंच ना, नांग?"

"हो."

"मग वाचा ना."