तिकडे न दिसणारी मालिका

कल्याणजवळच्या मोहने गावातल्या त्या मावशींचं एक साधं वाक्य अजून माझ्या कानातून जात नाही. पोलिसातून निवृत्त झालो, पण शेजारी संध्याकाळची मालिका लागली की मी चपला घालून बाहेर पडतो. बायकोला वाटतं, मला आवाजाचा त्रास होतो.

ठाकुर्लीजवळ खाडीकाठच्या झुडपात एका विवाहितेचा मृतदेह सापडला. गळा आवळलेला होता. ती कोलशेतच्या एका कंपनीत नोकरीला होती आणि मोहन्यात सासूजवळ राहायची. नवरा आखाती देशात कामाला. पंचनामा उरकून चौकीत आलो तोच निनावी फोन आला. "तिच्या ऑफिसातला बाइकवाला धरा. तोच तिला घरी सोडायचा."

त्या सहकाऱ्याला आणला. लोकांनी तर त्याला केव्हाच फासावर चढवलं होतं. खोटं बोलणारा दर वेळी आपलं उत्तर सुधारत नेतो; हा मात्र तेच अडखळत सांगत होता. त्याची बायको बाहेर बाकावर बसून असायची. वरून रोज विचारणा, अटक कधी दाखवताय? मला ते पटत नव्हतं, पण हातात दुसरं काहीच नव्हतं.

मयत बाईचा नवरा तीन दिवसांनी आला. तिकीटच मिळत नव्हतं म्हणाला. ढसाढसा रडला. त्याआधी तो देशात आल्याची विमानतळावर नोंद नव्हती.

मग मी सासूबाईंचा जबाब घ्यायला बसलो. मावशींचा नवरा गावातल्या जुन्या कारखान्यात होता, तो वारल्यावर एकटीने मुलगा वाढवलेली बाई. सुनेवर तिचा जीव होता, हे तिच्या सुजलेल्या डोळ्यांवरून कळत होतं.

"मावशी, त्या संध्याकाळी घरी कोण होतं?"

"मी एकटीच. सून म्हणालेली, उशीर होईल. मी सिरियल बघितली, मग लेकाचा फोन आला. रोज मी त्याला गोष्ट सांगते. तिकडे दिसत नाही ना त्याला, तुमच्या देशात उपलब्ध नाही असं येतं म्हणे. पण त्या दिवशी मी सुरू करायच्या आत तोच म्हणाला, आई, धाकटीने शेवटी दार उघडलं ना? मला एवढं बरं वाटलं साहेब. लागलं एकदाचं तिकडे."

माझं पेन थांबलं. मावशींना पाणी द्यायला सांगून मी बाहेर आलो आणि आमच्या सायबर शाखेतल्या मुलीला ती मालिका दाखवणाऱ्या अ‍ॅपबद्दल विचारलं. ती म्हणाली, "सर, तिकडे हे अ‍ॅप अजूनही चालत नाही."

अ‍ॅप कंपनीला रीतसर पत्र गेलं. उत्तर आलं: मुलाच्या खात्यावरून तो भाग त्याच संध्याकाळी कल्याणच्या एका लॉजच्या वायफायवर पाहिला गेला होता. मॅनेजरने फोटो ओळखला. गडी काठमांडूला विमानाने उतरून, सीमा रस्त्याने ओलांडून आला होता आणि त्याच वाटेने परत गेला होता.

चौकशीत मी सहज विचारलं, "आईची ती मालिका तूही बघतोस का रे?"

"नाही साहेब, आणि माझं लोकेशन बंदच असतं. अ‍ॅपने विचारलेलं, मी नाही म्हटलेलं."

लोकेशनचं मी विचारलंच नव्हतं. चोराच्या मनात चांदणं. अ‍ॅपने परवानगी मागितली पाहिजे आणि नकार पाळला पाहिजे, असा अ‍ॅप स्टोअरचा नियम आहे आणि तो पाळलाही गेला होता. पण कोणत्या देशात काय दाखवायचं, हे इंटरनेटच्या जोडणीवरून ठरतं, तिथे कुणाची परवानगी लागत नाही. हे त्याला ठाऊक नव्हतं. संध्याकाळपर्यंत त्याने सगळं कबूल केलं. तिला घटस्फोट हवा होता, एवढंच कारण. निनावी फोनही त्यानेच केला होता.

सहकारी सुटला, पण नोकरी गेली ती गेलीच. ते कुटुंब गाव सोडून गेलं.

माणूस फोन बंद करतो, रस्ता बदलतो, पण आईशी बोलताना सावध राहायचं त्याला सुचत नाही. तपासात मी पुढे याचा उपयोग केला, आणि दर वेळी मला त्याचा त्रास झाला.

मावशींनी कोर्टात एक शब्दही फिरवला नाही. बाहेर आल्यावर मला विचारलं, "साहेब, मी बोलले नसते तर?"

"तर दुसऱ्याचा मुलगा आत गेला असता, मावशी."

त्यांनी मान हलवली.

अजूनही मावशी सुनेच्या फोटोला हार घालून मुलाला भेटायला तुरुंगात जातात. मुलगा मान वर करत नाही. त्या त्याला मालिकेची आठवडाभराची गोष्ट सांगतात आणि वेळ संपली की उठतात.