कुंडीतली बाळंतीण

त्रिवेणीला किळस फार लवकर यायची. कोथिंबिरीच्या जुडीत गोगलगाय निघाली तर ती अख्खी जुडी टाकून द्यायची. कुणाच्या उष्ट्या पेल्याला तोंड लावायची नाही, आणि बसमध्ये दांडी धरायची वेळ आली तर रुमालातून धरायची. तिचं माहेर हैदराबादेतल्या मलकपेठचं, रेसकोर्सच्या मागच्या अंगाचं. पावसाळ्यात तिथे लिदीचा वास भिंतीतून झिरपून आत येतोय असं वाटायचं. एका हाताने जेवायचं आणि दुसऱ्या हाताने ताटावरच्या माश्या हाकायच्या, असंच ती लहानाची मोठी झाली. बरकतपुऱ्यातल्या प्रशांतचं स्थळ आलं तेव्हा माझ्याआधी हिने आमचं बाथरूम बघितलं, असं प्रशांत सगळ्यांना सांगायचा. ते खोटं नव्हतं. पांढऱ्याशुभ्र फरश्यांचा तिसऱ्या मजल्यावरचा तो फ्लॅट बघून तिने आईला लगेच होकार कळवला होता.

फरश्या पांढऱ्या होत्या, पण माणसं तिच्या हिशेबात बसणारी नव्हती. सासरे मुकुंदराव पाटबंधारे खात्यात नकाशे काढून निवृत्त झालेले. सासू लग्नाआधीच गेलेल्या. मुकुंदरावांना, म्हणजे ती ज्यांना मामा म्हणायची त्यांना, घरात काही ना काही साजरं करायचा भारी सोस. पहिला आंबा घरात आला की त्याला हळदकुंकू लावून आरती. फ्रिज घेतला त्या तारखेला दरवर्षी फ्रिजला कागदी फुलांची माळ आणि शिरा. बाजारातून काही आणायचं नाही, सगळं घरी करायचं, हा मामांचा नियम. म्हणजे खळ घरी शिजायची, रंग बिटाच्या सालींचा, आणि दुसऱ्या दिवशी ओट्यावर वाळलेली खळ आणि आंबलेल्या साली. सोहळा संपला की मामा वर्तमानपत्र उघडत, प्रशांत फोन घेऊन पलंगावर पडे, मुलगी प्रणिता अभ्यासाचं नाव काढून आतल्या खोलीत जाई. मग दिलसुखनगरच्या कोचिंग सेंटरमध्ये आठवडाभर पालकांच्या चौकश्यांना उत्तरं देऊन थकलेली त्रिवेणी हातमोजे घालून ओटा खरवडायला घेई.

रविवारी मोहीम असायची. हा शब्द मामांचा. कधी काचीगुड्याला जाऊन फलाटावर गाड्या बघायच्या, कधी कोठीला जुन्या पुस्तकांचे ढीग उपसायचे. एकदा मामांनी सगळ्यांना चादरघाटच्या पुलावर नेलं. मुसी नदी मी उगमापासून कागदावर काढलीये, तुम्हाला नदी दाखवतो, म्हणाले. पुलाखाली काळं, फेसाळ पाणी होतं आणि त्यात एक गादी अडकली होती. प्रणिताला वाकून बघताना मजा वाटत होती. प्रशांत तिथेच उभा राहून कागदातली मिरची भजी खात होता, आणि त्याने एक भजं त्रिवेणीच्या तोंडासमोर धरलं. तिने नाकावरचा रुमाल काढला नाही.  घरी आल्यावर सगळ्यांच्या चपला तिने बाहेरच्या बाहेर साबणाने धुतल्या.

मार्चमध्ये स्वयंपाकघरामागच्या बाल्कनीत कबुतराने घर केलं. पुदिना मेलेल्या रिकाम्या कुंडीत चार काड्या, एक वायरचा तुकडा आणि त्यावर दोन अंडी. त्रिवेणीने ती सकाळी पाहिली आणि झाडू घेऊनच पुढे झाली. मामा मागे येऊन उभे राहिले.

"थांब. बाळंतीण आहे ती. बाळंतिणीला घराबाहेर काढतं का कुणी?"

"मामा, ते कबुतर आहे. सगळी बाल्कनी घाण करून ठेवेल. कपडे कुठे वाळवायचे?"

"पुढच्या खिडकीत वाळव. महिन्याचा तर प्रश्न आहे."

प्रशांतने अर्थातच मामांची बाजू घेतली. प्रणिताने तर कबुतराच्या कुंडीशी वाटीत तांदूळ नेऊन ठेवले. त्रिवेणीने झाडू जागेवर ठेवला. एकीला तिघांपुढे किती बोलता येणार, असं तिला वाटलं. त्या दिवसापासून तिने बाल्कनीचं दार लावून घेतलं, पण स्वयंपाक करताना दाराच्या जाळीतून सगळं दिसायचंच.

मग पिल्लं निघाली. काळसर गुलाबी कातडी, त्यावर विरळ पिवळे केस, अंगापेक्षा मोठी चोच आणि डोळ्यांच्या जागी निळे फुगवटे. आई आली की तिच्या घशात ती आपली चोच खुपसायची आणि आई अंग हलवून हलवून आतलं ओकून त्यांच्या तोंडात घालायची. एका सकाळी पोळी लाटता लाटता त्रिवेणीची नजर तिकडे गेली. तिने तव्यावरची पोळी तशीच सोडली आणि बेसिनकडे धावली. त्या दिवशी डबा कुणालाच मिळाला नाही. प्रशांत ही गोष्ट ऑफिसात रंगवून सांगून आला.

बारसं करायचं मामांच्या डोक्यात कधी आलं, तिला कळलं नाही. शनिवारी संध्याकाळी ती कामावरून आली तर घरात रंगीत कागदांच्या पताका, प्रशांतने केलेल्या घुगऱ्या, आणि समोरच्या फ्लॅटमधल्या तेलुगू माधवीबाई, माधवी गारू, मुलांना घेऊन आलेल्या. बुटाच्या खोक्याला दोरी बांधून पाळणा केला होता. पिल्लांना हात लावायचा नाही एवढी तरी अक्कल ठेवली होती. पाळण्यात त्यांच्याऐवजी दोन बटाटे झोपवले होते. बाल्कनीचं दार सताड उघडं, आणि मामा कुंडीच्या अगदी जवळ मांडी घालून बसून, स्वतः जुळवलेला पाळणा म्हणत होते. नावं प्रणिताने निवडली होती. तिच्या शाळेच्या बसचे थांबे, कोठी आणि नामपल्ली.

"कित्ते प्यारे हैं ना त्रिवेणी गारू," माधवी हैदराबादी हिंदीत म्हणाल्या, "तुमारे घर में हर दिन पंडगा रहता."

हर दिन सण. त्रिवेणी हसली. तिला कुंडीच्या कडेने साचलेला हिरवा-पांढरा थर दिसत होता, त्यावर बसलेल्या बारीक माश्या दिसत होत्या, आणि त्याच माश्या उडून घुगऱ्यांच्या पातेल्यावर बसलेल्या दिसत होत्या. मामांच्या धोतराचा सोगा त्या थराला टेकला होता. मग तो सोगा सावरून त्याच हाताने त्यांनी तिच्यापुढे घुगऱ्यांची वाटी धरली. मला भूक नाही, ती म्हणाली, आणि आत जाऊन पंखा लावून बसली. पाहुणे गेल्यावर तिने बाल्कनीत फिनेल ओतलं, घुगऱ्यांचं उरलेलं पातेलं कचऱ्याच्या डब्यात रिकामं केलं. तिला घरातल्या माणसांची चीड नव्हती येत, तिला त्यांचीच किळस येत होती. असं वाटल्याची लाजही वाटली, पण लाजेने किळस कमी झाली नाही.

मामांचा खोकला त्यानंतरच्या आठवड्यात सुरू झाला. आधी सगळ्यांनी हवेवर ढकललं. मग जिना चढताना ते दुसऱ्या मजल्यावर बसायला लागले, संध्याकाळी बारीक ताप यायला लागला. जवळच्या डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, एक्सरे काढायला लावला आणि तो दिव्यासमोर धरून विचारलं, "घरात पक्षी आहेत का? कबुतरं?"

प्रशांत हसला. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. कबुतरांच्या विष्ठेची धूळ श्वासातून जाऊन काहींची फुप्फुसं सुजतात, त्यांनी सांगितलं. औषध देते, पण त्या जागेच्या आसपास फिरकायचं नाही.

मामांनी मान डोलावली. आणि दुसऱ्या दिवशी त्रिवेणी आंघोळ करून आली तर ते बाल्कनीत, कुंडीपाशी, मूठभर ज्वारी टाकत उभे होते. खोकत होते आणि टाकत होते. तिने हात धरून त्यांना आत आणलं आणि दाराला कुलूप घातलं.

त्या संध्याकाळी ती प्रशांतला म्हणाली, "उद्याच्या उद्या बाल्कनीला जाळी लावायला जाळीवाला बोलाव. मला आता ही घाण घरात नको."

"दोन आठवड्यांत उडतील ती. बाबांना नाही जाऊ देणार तिकडे."

"मी आजच त्यांना तिथून ओढून आणलंय."

"मग समजावू त्यांना. तुला काय गं, तुला सगळ्याचीच घाण वाटते. कबुतराची, भज्यांची. आमचीसुद्धा वाटते. मी पाहत नाही का, मी प्यालेला पेला तू दोनदा विसळतेस."

प्रणिता तिथेच होती. त्रिवेणीने ते नाकारलं नाही.

"वाटते," ती म्हणाली. "तुम्ही सण करता, मी तुमच्या मागनं खरवडते. इतकी वर्षं तुमच्या सणांचं मला तेवढंच दिसलं. तू एकदा तरी त्या बाल्कनीत पाण्याची बादली घेऊन गेलास का? तुझ्या बापाच्या छातीत ती घाण गेलीये, आणि तू मला माझ्या नाकाबद्दल सांगतोस."

 रात्रीचं जेवण चौघांनी चार वेगवेगळ्या वेळी केलं.

जाळीवाला शनिवारी आला. दोरी, खिळे, ड्रिल मशीन. बाल्कनीत पाऊल टाकून त्याने कुंडीत डोकावलं. पिल्लांना आता खुंटासारखी पिसं फुटली होती, पण ती अजून उडणारी नव्हती.

"ये बच्चे अंदर रह जाते मेडम. माँ कू रस्ता नै मिलता. नीचे फेक देतूं मैं, दो मिनट का काम है."

"नक्को," प्रणिता म्हणाली आणि रडायला लागली. आतून मामांचा खोकला ऐकू आला. ते उठून येण्याच्या बेतात होते.

जिन्याच्या खिडकीबाहेर, बाल्कनीला लागूनच, एक रुंद छज्जा होता. तो जाळीच्या बाहेर राहणार होता. पिल्लं तिकडे ठेवली तर आईला सापडतील, असं जाळीवाल्याने सुचवलं, पण हात लावायला तो तयार नव्हता. माझं काम जाळीचं आहे, म्हणाला. प्रशांत पुढे झाला. त्याने बाही मागे सारली, कुंडीत हात घातला, आणि एका पिल्लाने चोच वासून त्याच्या बोटावर हिरवट पातळ काहीतरी सोडलं. प्रशांतने हात झटकला. त्याला कोरडी ओकारी आली, डोळ्यांत पाणी आलं, आणि तो नळाकडे पळाला.

मग त्रिवेणीने नाकावर मास्क बांधला, दोन्ही हातांत दुधाच्या रिकाम्या पिशव्या चढवल्या आणि पिल्लांना उचललं. प्लास्टिकमधूनही ऊब लागत होती. पोट मऊ, पाण्याच्या फुग्यासारखं, आणि त्याच्या आत काहीतरी भराभरा उडत होतं. खालच्या बाजूला सगळं लडबडलेलं, आणि वास तिच्या मास्कमधून सरळ घशात उतरत होता. आपण आता ओकणार, असं तिला जिन्यापर्यंत प्रत्येक पावलावर वाटत राहिलं. ती ओकली नाही. छज्ज्यावर प्रणिताने फडकं अंथरून ठेवलं होतं, त्यावर तिने एकेक पिल्लू ठेवलं, पिशव्या उलट्या करून गाठ मारली आणि कोपरापर्यंत हात धुवत नळाखाली उभी राहिली. साबणाची वडी झिजून बोटांत धरवेनाशी होईपर्यंत.

आई दुपारपर्यंत समोरच्या तारेवर बसून होती. चार वाजता ती छज्ज्यावर उतरली, आणि प्रणिताने घरात येऊन सगळ्यांना सांगितलं. मामांनी हात जोडले. त्रिवेणी तेव्हा बाल्कनीच्या फरशीवर पाणी मारून वाळलेला थर पत्र्याने सुटा करत होती. थोड्या वेळाने तिच्या शेजारी प्रशांत येऊन उकिडवा बसला, तोंडाला टॉवेल गुंडाळून, हातात दुसरा पत्रा घेऊन. त्याला तो धड धरता येत नव्हता. तिने त्याला काही शिकवलं नाही, आणि उठ असंही म्हटलं नाही.

नामपल्ली उडालं. कोठी नाही उडालं, एका सकाळी ते फडक्यावर आडवं पडलेलं मिळालं, मुंग्या लागलेलं. प्रणिता शाळेत गेली होती. त्रिवेणीने ते कागदात गुंडाळून खाली नेलं आणि वॉचमन अप्पारावला कडुनिंबाखाली खड्डा करायला सांगितला. माती पडेपर्यंत ती तिथेच उभी होती, श्वास रोखून.

मामांचा ताप उतरला. खोकला पूर्ण गेला नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या की काही महिने लागतील. ते खुर्चीत बसून कंटाळले की जाळीकडे बघत बसत. एका संध्याकाळी त्यांनी हळूच विषय काढला.

"नामपल्ली उडालं त्याचं काही करायचं का? थोडा शिरा. पताका नकोत."

"शिरा करा," त्रिवेणी म्हणाली. "कढई प्रशांत घासेल. मला वाढू नका."

शिरा झाला. प्रशांतने कढई घासली, तळाशी करपलेलं तसंच राहिलं. मामांनी चिकट बोटांनी तिच्यासाठी बशीत थोडा काढून ठेवला होता, वर एक बेदाणा. त्रिवेणीने बशी उचलली, बोटांचे ठसे बघितले, आणि कुणाचं लक्ष नाही असं पाहून शिरा माधवी गारूंच्या मुलांना नेऊन दिला. परत येऊन तिने कढई पुन्हा घासायला घेतली.