कोणाचाच नसलेला रंग

मुरबाडच्या कचेरीसमोर पत्र्याच्या शेडखाली माझे टेबल असे. शिक्षण आठवीपर्यंतचे, तथापि ‘सबब विनंती की’ या शब्दांपुढे मजकूर कसा वळवावा, हे तालुक्यात माझ्याइतके कोणास ठाऊक नव्हते, असे मी जबाबदारीने लिहितो. बौद्धवाडीतील नोकरदार आणि धसईकडचे भातशेतीवाले, दोघेही माझ्याकडून अर्ज लिहवून घेत. पुढे कचेरीत संगणकाची खिडकी उघडली, तेथे छापील अर्ज मिळू लागले आणि माझ्याकडची वर्दळ ओसरली.

शहापुरात एक बाई संगणकाचे दुकान चालवीत. दोन्ही तालुक्यांच्या बातम्या देणारे एक संकेतस्थळही त्यांचे होते. त्यावर माझ्या नावाची जाहिरातीची पट्टी झळकली तर गिऱ्हाईक परतेल, या आशेने मी एसटीने तेथे गेलो.

मजकूर मी तयार करूनच नेला होता. अडले ते रंगावर. बाईंनी प्रथम भगवा लावून दाखविला. निवडणुकीचे दिवस होते. बौद्धवाडीने म्हटले असते, हे त्या बाजूला गेले. निळा लावला, तर धसईने तेच उलटे म्हटले असते. हिरव्यालाही तीच हरकत. पिवळ्यावर लाल अक्षरे जत्रेतल्या दुकानाची वाटली. पांढऱ्यावर काळी चौकट घातली, तेव्हा मला माझीच श्रद्धांजली वाचल्यासारखे झाले.

“काका, तुमाला गिऱ्हाईक पायजे का कुनाला राग येऊ नये, हे पायजे?” बाईंनी विचारले.

अर्ज लिहिणाऱ्याला या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, असे मी त्यांस समजावले. अखेर फिकट राखाडीवर गडद राखाडी अक्षरे कायम झाली. मला ती भारदस्त वाटली.

पट्टी लागली. बरेच दिवस कोणी फिरकले नाही. मग बौद्धवाडीतले माझे एक जुने गिऱ्हाईक, मुंबईस नोकरीला जाणारे गृहस्थ, बाजारात भेटले. ते संकेतस्थळ ऑफिसात रोज पाहत. पट्टी मात्र त्यांना आठवेना. मी जागा सांगितली, तेव्हा म्हणाले, “ती व्हय! मला वाटलं, तिथं कायतरी यायचं बाकी हाय.”

रंग तसा का निवडला, हे मी सविस्तर सांगितले.

“भाऊ, निळी केली असती तरी मी आलो नसतो. खिडकीवर फारम मिळतो, टाइम वाचतो. त्याच्यात राग कसला?”

पट्टी काढून टाकावी म्हणून मी पुन्हा शहापूर गाठले. बाई गिऱ्हाइकाचे फोटो छापत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितले, “राहू द्या ना काका. त्या जागेला दुसरं कोन विचारीत नाय, उगाच मोकळी दिसंल.”

मी बरे म्हटले आणि मुरबाडची गाडी धरली.